मैत्री, आगगाडी आणि धर्म

यवतमाळ जिल्ह्याबाहेरच्या माणसाला "आमचं गाव फुलसावंगी" असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "कुठे आलं हे?" मग आपण महागाव तालुका म्हणतो, पुसद म्हणतो, उमरखेड म्हणतो, आणि तरी समोरच्याला उमगलं नाही तर माहूरच्या रेणुकामातेचा आधार घेतो. माहूर म्हटलं की मात्र सगळ्यांना दिशा कळते. 2021 मध्ये गावातल्या एका तरुण पोराने घरच्या घरी हेलिकॉप्टर बनवलं आणि त्याच्याच चाचणीत बिचाऱ्याचा जीव गेला. तेव्हा चार दिवस गावाचं नाव सगळीकडे झळकलं. ते सोडलं तर आपलं गाव आपल्या जागी निवांत आहे.

तर सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. मध्यंतरी नात्यातल्याच एकाशी गप्पा मारताना विषय धर्मप्रसारावर गेला. त्याचं म्हणणं असं की, "उघड उघड चौकात उभं राहून कोणी आपला धर्म सांगितला तर मला काही वाटत नाही. ऐकायचं तर ऐकू, नाही तर पुढे जाऊ. पण मैत्री करायची, सुखदुःखात यायचं, लग्नात वाढायला उभं राहायचं, आणि मग हळूच आपल्या देवाबद्दल बोलायचं, हे मला लबाडीचं वाटतं."

प्रश्न साधा नाही. विशेषतः आपल्यासारख्या गावात, जिथे मराठा, बंजारा, आंध, बौद्ध, मुसलमान सगळे एकाच बाजारात तूर आणि कापसाचे भाव विचारत फिरतात, तिथे मैत्री ही काही चैनीची गोष्ट नसते. सावड त्यावर चालते, उधारी त्यावर चालते, रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायला गाडी त्यावर मिळते. त्या मैत्रीत कोणी आपला हेतू मिसळला तर लोकांना राग येणारच. पण माणूस आपल्याला जे सर्वांत मोलाचं वाटतं ते मित्रापासून लपवून ठेवतो का? तुकोबांचा अभंग आवडला तर आपण तो दुसऱ्याला ऐकवतोच की.

त्या गप्पांनंतर डोक्यात एक जुनी गोष्ट घोळत राहिली. तिचा एक धागा थेट आपल्या जिल्ह्यातून जातो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

*

आपला यवतमाळ जिल्हा 1905 पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा (इंग्रज लिहायचे 'वून'). पुसदचा भाग तर तेव्हा वाशीम जिल्ह्यात होता. वऱ्हाड नावाला निजामाचं आणि कारभाराला इंग्रजांचं, असा तो काळ. या मुलखात अमेरिकेतली फ्री मेथडिस्ट नावाची एक लहानशी मंडळी काम करायला आली. अर्नेस्ट वॉर्ड आणि त्यांची पत्नी फीबी हे दोघे 1881 मध्ये हिंदुस्थानात पोहोचले. सुरुवातीला बऱ्हाणपूर वगैरे भागात राहिले. पुढे या मिशनचं मुख्य ठाणं यवतमाळ झालं. शाळा आल्या, चर्च आलं, पुढे उमरीचं मिशन रुग्णालय आलं. 1953 मध्ये यवतमाळलाच युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली. देशभरातली मुलं पाळक होण्याचं शिक्षण घ्यायला यवतमाळात येऊन राहायची. 1983 मध्ये ती पुण्याला गेली. आता ती पुण्याच्या बिबवेवाडीत आहे.

मोठ्या शहरांतल्या मिशनांच्या मानाने हे काम लहानच. ज्यांनी हे काम केलं त्यांची नावं मराठी इतिहासात फारशी येत नाहीत. पण वॉर्ड साहेबांचं नाव एका ठिकाणी येतं, आणि तेही आगगाडीच्या डब्यात!

साल 1893. नारायण वामन टिळक तेव्हा साधारण एकतीस वर्षांचे. कोकणातल्या करजगावचा जन्म, नाशकात शिक्षण, संस्कृतचा गाढा व्यासंग, अंगात काव्य आणि डोक्यात सतत काहीतरी चाललेलं. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचं काम केलं होतं. आता नोकरीसाठी ते राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ होता. त्या काळी गोऱ्या माणसाच्या डब्यात हिंदी माणूस शिरला की काय व्हायचं, ते आपण वाचलेलं आहे. या गृहस्थाने मात्र सरकून जागा दिली. बोलणं सुरू झालं ते संस्कृत काव्यावर. भवभूती, कालिदास आवडणाऱ्या माणसाशी त्याने त्याच्या आवडीच्या विषयावर गप्पा मारल्या. मग टिळकांच्या मनातले धर्माचे प्रश्न त्याने ऐकून घेतले. उतरताना त्याने नव्या कराराची एक प्रत हातात ठेवली आणि ती वाचायची विनंती केली. शिवाय एक भाकीतही केलं, की तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल.

हा प्रवासी म्हणजे आपल्या यवतमाळच्या मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड, असं अभ्यासकांनी सांगितलं आहे.

टिळकांना ते भाकीत अर्थातच हास्यास्पद वाटलं. पण पुस्तक वाचतो असं कबूल केलं होतं, म्हणून वाचायला घेतलं. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे अडकले. शत्रूवर प्रीती करा, हे सांगणारी ती पानं त्यांना सोडवेनात. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत अमेरिकन मिशनमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकीत खरं ठरलं म्हणायचं!

इथे थोडं थांबून पाहू या. वॉर्ड साहेबांनी डब्यात काय केलं? जागा दिली, ऐकून घेतलं, पुस्तक दिलं. हे सगळं एका प्रवासात झालं. आणि आपण कोण, आपल्याला काय वाटतं, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. वर्षभर गोड बोलून मग विषय काढला असं झालं नाही. मैत्रीतून श्रद्धा सांगण्यात लबाडी कुठे सुरू होते याचा पहिला धडा मला इथे दिसतो. हेतू लपवला की लबाडी. हेतू आधीच सांगून ठेवला आणि तरीही दुसऱ्याला मोकळं सोडलं, तर तिला लबाडी कशी म्हणायची?

*

पण ही गोष्ट इतकी गोड नाही, आणि गोड करून सांगूही नये.

ज्या माणसाला परक्याशी डब्यात मैत्री जमली, त्याने घरात काय केलं? लक्ष्मीबाईंना बाप्तिस्म्याआधी विश्वासात घेतलंच नाही. नवरा ख्रिस्ती झाल्याचं कळल्यावर त्या बाईची काय अवस्था झाली असेल! पदरात लहान मूल, माहेर-सासर दोन्हीकडे सोवळं-ओवळं कडक. पुढची चारपाच वर्षं दोघं वेगळे राहिले. नातेवाईकांच्या घरी, पंढरपूर-नाशिककडे, पत्रांची वाट बघत आणि पत्रांना घाबरत त्यांनी ते दिवस काढले. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांनी वाचलं नाही त्यांनी हा लेख इथेच सोडून आधी ते वाचावं, माझी काही तक्रार नाही. :-)

मग लक्ष्मीबाई परत आल्या, नगरला. (अहमदनगरचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण या गोष्टीत ते नगरच राहू द्या.) आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं वेगळं. नवऱ्याने ते चालू दिलं. हळूहळू त्यांच्याच मनाशी त्यांचा वाद सुरू झाला. देवाने माणूस केला की जात केली, हा त्यांचा प्रश्न. त्याचं उत्तर त्यांना कोणाच्या प्रवचनातून मिळालं नाही. ते त्यांनी स्वतः विचार करून काढलं, आणि मग ज्याच्या-त्याच्या हातचं खायला लागल्या. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मला यातली एकच गोष्ट फार मोठी वाटते. आधी जे टिळकांनी चुकवलं, ते नंतर त्यांनी धरलं. बायकोला वेळ दिला. एका घरात दोन चुली चालू दिल्या. ज्या संसारात नवरा म्हणेल ती पूर्व दिशा, त्या काळात हे सोपं नव्हतं. दोन चुलींचं घर सांभाळणं हे शंभर भाषणांपेक्षा अवघड काम आहे, हे एकत्र कुटुंबात राहिलेल्या कोणालाही पटेल.

*

नगरचं टिळकांचं घर म्हणजे धर्मशाळाच होती. येणारे-जाणारे, आजारी, अनाथ पोरं, कवी, भांडखोर, कोणीही. पैसा हातात टिकायचा नाही. टिळकांनी पगार कुठे वाटला याचा हिशेब लक्ष्मीबाईंनी इतक्या मजेत लिहिला आहे, की वाचताना हसू येतं आणि मागाहून वाटतं, त्या बाईने चूल कशी पेटवली असेल! प्लेगच्या दिवसांत लोक आपल्या सख्ख्या माणसाजवळ जायला भीत, तेव्हा या जोडप्याने आजाऱ्यांची सेवा केली.

या घरातला सगळ्यांत प्रसिद्ध पाहुणा म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. 1907 मध्ये जळगावला पहिलं कविसंमेलन भरलं. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. त्यांनी या सतरा वर्षांच्या पोराला 'बालकवी' ही पदवी दिली. तिथेच टिळकांची आणि त्याची गाठ पडली. पुढे हा मुलगा टिळकांच्या घरी येऊन राहिला, घरचाच झाला. टिळकांनी त्याच्या कवितेला खतपाणी घातलं. लक्ष्मीबाईंनी त्याचे रुसवे-फुगवे काढले.

आणि बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेच्या अपघातात ते गेले. तोवर ते जसे होते तसेच राहिले, आणि टिळकांच्या घरात त्यांची जागा कधी कमी झाली नाही.

माझ्या त्या नातलगाच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही. मैत्री खरी की गळाला लावलेलं आमिष, हे ओळखायची एकच कसोटी आहे. समोरच्याने "नाही" म्हटल्यावर काय होतं? मैत्री आटली, येणं-जाणं कमी झालं, तर ती मैत्री नव्हतीच. टिळक-बालकवींची मैत्री या कसोटीला उतरली.

टिळकांचं आणखी एक सांगायला हवं. त्यांनी ख्रिस्ताची गाणी लिहिली ती अभंग-ओवीच्या घाटात. नगरमध्ये त्यांच्याआधी कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं होतं. टिळकांनीही कीर्तनं केली. मराठी ख्रिस्ती मंडळी ज्या 'उपासना संगीत'मधून आजही गातात त्यात टिळकांची पदं शेकड्यांनी आहेत. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. परक्या सुरात देव सांगितला तर तो परकाच राहतो, हे त्यांना कळलं होतं. 1912 पासून त्यांनी 'ज्ञानोदय'ची मराठी बाजू सांभाळली. मिशनच्या पगारी चौकटीत मात्र त्यांचा जीव गुदमरत राहिला. साहेब मालक आणि हिंदी ख्रिस्ती नोकर, हे नातं त्यांना मैत्रीच्या आड येणारं वाटत होतं. 1917 मध्ये त्यांनी मिशन सोडलं, साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. दोन वर्षांतच, 9 मे 1919 रोजी, ते मुंबईत वारले. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. दोन चुलींपासून सुरू झालेला संसार एका काव्यात पुरा झाला, असं म्हणू या.

*

आता नाण्याची दुसरी बाजू. मैत्री खरी असली की ती एका दिशेने वाहत नाही, तिचं पाणी दोन्हीकडे जातं.

टिळकांच्या बाप्तिस्म्याच्या काळात मुंबईच्या अमेरिकन मिशनमध्ये जस्टिन अ‍ॅबट नावाचे एक मिशनरी होते. टिळकांशी त्यांचा चांगला परिचय होता. हे अ‍ॅबट निवृत्त होऊन अमेरिकेत परत गेले आणि उरलेल्या आयुष्यात काय करत बसले? मराठी संतांचं इंग्रजी भाषांतर! 1926 पासून भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास असे एकेक संत त्यांनी इंग्रजीत नेले. महिपतीची चरित्रं ज्या इंग्रजी वाचकांना ठाऊक आहेत, त्यांना ती बहुधा अ‍ॅबटमुळे ठाऊक आहेत. पुण्याच्या निकल मॅकनिकल यांनीही 1919 मध्ये मराठी संतांच्या अभंगांची इंग्रजी भाषांतरं प्रसिद्ध केली. आले होते आपला देव सांगायला, आणि जाताना आपला विठोबा घेऊन गेले.

दुसरी गोष्ट व्हेरियर एल्विनची. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला हा तरुण 1927 मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. हा संघ जे. सी. विन्स्लो यांनी काढलेला, आणि टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिणारेही हेच विन्स्लो. एल्विन गांधीजींच्या जवळ गेला. जमनालाल बजाजांनी त्याला गोंडांकडे बोट दाखवलं. संघातलेच शामराव हिवाळे या मराठी मित्राला घेऊन 1932 मध्ये तो मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला जाऊन राहिला. शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. गोंडांना बाटवायचं नाही असं ठरवल्यावर त्याचं बिशपशी पटेना, आणि काही वर्षांत त्याने चर्चच सोडलं. मैत्री करता करता ज्याचा मूळ हेतूच गळून पडला, असा हा माणूस. शामरावांशी त्याची मैत्री मात्र शेवटपर्यंत टिकली.

टिळक एका टोकाला, एल्विन दुसऱ्या. दोघांनाही मैत्रीने बदलून टाकलं. मैत्रीचा हा धोका दोन्ही बाजूंनी असतो. ज्याला स्वतः बदलायची भीती वाटते त्याने खरी मैत्री करू नये.

*

एवढं वाचून कोणी म्हणेल, निवडून चांगल्याच गोष्टी सांगितल्या. रास्त आहे. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत (दुसरा तो कुप्रसिद्ध छप्पन्नचा दुष्काळ) मिशनांनी हजारो अनाथ मुलांना आसरा दिला आणि ती मुलं ख्रिस्ती म्हणून वाढली. उपाशी पोराला भाकरी देणं पुण्याचंच. पण उपाशी पोर "नाही" म्हणू शकतं का? वर सांगितलेली कसोटी इथे लागूच होत नाही, आणि म्हणूनच "पोटासाठी बाटले" हा टोमणा गरीब ख्रिस्ती कुटुंबांना पिढ्यान् पिढ्या ऐकावा लागला. त्यातल्या अनेकांची श्रद्धा खरी होती, तरीही.

हा संशय पुढे सरकारदरबारी पोहोचला. 1954 मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. राजधानी नागपूर होती आणि आपला वऱ्हाडही तेव्हा त्याच राज्यात होता. शाळा, दवाखाने, कर्ज यांच्या आडून धर्मांतर होतं, असा ठपका समितीने 1956 च्या अहवालात ठेवला. मिशनांनी तो एकतर्फी म्हणून नाकारला. गंमत पहा, याच जुन्या मध्यप्रांतात आयुष्य घालवलेल्या डोनाल्ड मॅकगॅव्हरन या मिशनऱ्याने 1955 मध्ये 'द ब्रिजेस ऑफ गॉड' हे पुस्तक लिहून आपल्याच लोकांना सांगितलं होतं, की कंपाऊंडच्या भिंतीआड माणसं ओढून आणू नका. श्रद्धा नात्यागोत्याच्या पुलावरून आपोआप जाते. पुन्हा पूलच! टिळकांचा पूल तुकारामाचा, मॅकगॅव्हरनचा नात्यांचा. फरक इतकाच, की एकाला पूल ओलांडताना काय झालं ते सांगायचं होतं, आणि दुसऱ्याला पुलावरून किती माणसं नेता येतील ते. माणसं मोजायला लागलं की मैत्रीचा रंग थोडा उडतो, असं मला वाटतं.

कायद्याचं म्हणाल तर घटनेच्या 25 व्या कलमाने आपला धर्म मानायचा, आचरायचा आणि सांगायचा हक्क सगळ्यांना दिला आहे. 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की सांगायचा हक्क आहे, पण म्हणून दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नाही. कोर्टाने रेघ ओढली ती अशी. गावात ती रेघ रोज नव्याने ओढावी लागते, आणि ती ओढायला कोर्ट येत नाही, शेजारी लागतो.

*

तर त्या नातलगाला मी काय सांगितलं? एवढंच, की मैत्रीतून आपली श्रद्धा सांगणं मला वावगं वाटत नाही, पण तीन गोष्टी सांभाळल्या पाहिजेत. पहिली, आपण कोण ते आधी सांगावं, डब्यातल्या वॉर्ड साहेबांसारखं. दुसरी, समोरचा अडलेला-नडलेला असेल तर मदत करावी आणि त्या दिवशी देवाचा विषय काढू नये. तिसरी, तो शेवटपर्यंत "नाही" म्हणाला तरी त्याचं ताट आपल्या घरात वाढलेलं असावं. हे ख्रिस्ती माणसाला जितकं लागू, तितकंच वारकऱ्याला, मौलवीला, भन्तेजींना, आणि हो, देव न मानणाऱ्यालाही.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तिसरी अवघड आहे." अवघड आहेच. लक्ष्मीबाईंच्या दोन चुली सोप्या होत्या का?

असो. लेख लांबला. यवतमाळच्या जुन्या मिशनबद्दल, किंवा आपल्या भागात वेगवेगळ्या धर्मांच्या घरांमध्ये टिकलेल्या मैत्रीबद्दल घरातल्या मोठ्यांच्या आठवणी कोणाकडे असतील, तर जरूर लिहून ठेवा. लक्ष्मीबाईंनी टिळकांच्या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा त्यांच्या जाण्याला बरीच वर्षं होऊन गेली होती, आणि पहिला भाग 1934 मध्ये निघाला. उशीर झाला तरी चालतो, पण लिहिलं गेलं पाहिजे.